यूआय डिझाइन शिकायचंय? पैसे भरण्याआधी हा भाग ऐका

(या भागात जे बोललो ते इथे लिहून काढलंय. साइटची नावं परत परत मागे जाऊन ऐकावी लागू नयेत म्हणून. मधले "अं", "म्हणजे ना" काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून एसटीत बसला असाल, रानात मोटर चालू करायला निघाला असाल, किंवा हॉस्टेलवर पडल्या पडल्या ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय एका मेसेजवरून सुचला. इंदापूरची एक मैत्रीण, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने विचारलं, "दादा, यूआय डिझाइनचा क्लास लावू का? साठ हजार फी सांगतायत, नोकरीची गॅरंटी म्हणतात. पप्पा म्हणाले, उसाचं बिल आलं की बघू."

उसाचं बिल आलं की बघू. हे वाक्य आपल्या भागात ज्याने ऐकलं नाही असा पोरगा सापडायचा नाही. त्या साठ हजारांत घरचं काय काय अडलेलं असतं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून मी तिला म्हटलं, थांब, पुढच्या भागात सविस्तर सांगतो. तर आज तेच. यूआय डिझाइन म्हणजे नक्की काय, ते शिकायला इंटरनेटवर फुकट काय काय आहे, त्यातलं फोनवर काय चालतं, लॅपटॉप कधी लागतो, आणि कोणत्या क्रमाने शिकायचं.

आधी माझी चूक सांगतो

मी डिझायनर नाही, हे आधीच सांगतो. मी बी.टेक. केलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर. कॉलेजात आम्हाला डेटा स्ट्रक्चर शिकवलं, डेटाबेस शिकवला. स्क्रीनवर बटण कुठे ठेवायचं हे काही शिकवलं नाही, आणि मलाही ते शिकण्यासारखं वाटलं नाही. "रंगरंगोटी काय, शेवटी करू", असा माझा हिशोब.

नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी मामांच्या गावच्या दूध संकलन केंद्रासाठी एक छोटं अ‍ॅप करून दिलं. इंदापूर तालुक्यातलं गाव. केंद्रावर बसणारे आण्णा, पन्नाशीचे. सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी सहाला माणसं कॅन घेऊन रांगेत. मशीनवर फॅट, एसएनएफ बघायचं, लिटर मोजायचे, नोंद करायची, पावती द्यायची. दहा दिवसांनी दुधाचा पगार.

अ‍ॅपमध्ये वरच्या कोपऱ्यात मी दोन छोटी गोल बटणं ठेवली होती. एकावर "एम", दुसऱ्यावर "ई". मॉर्निंग आणि इव्हिनिंग. शेवटी जे निवडलं असेल तेच पुढच्या वेळी राहायचं. आणि एकाच दिवशी, एकाच वेळेची दुसरी नोंद आली तर अ‍ॅप जुनी नोंद काढून नवी ठेवायचं. मला तेव्हा हे फार हुशारीचं वाटलं होतं.

एका संध्याकाळी आण्णांनी "ई" दाबलं नाही. बटण सकाळच्या "एम" वरच राहिलं. सतरा जणांचं संध्याकाळचं दूध सकाळच्या खात्यात गेलं, आणि सकाळचं दूध अ‍ॅपमधून पुसलं गेलं. कुणाला कळलंच नाही, कारण स्क्रीनवर तसं काही दिसतच नव्हतं. हिरवी टिकची खूण येत होती, पावती निघत होती.

दहा दिवसांनी एक काकू आल्या. घरी दोन गाई. म्हणाल्या, "माझं अकरा लिटर कमी लागलंय." त्या दिवसाची सकाळची पावती त्यांनी देवघरातल्या डब्यात जपून ठेवली होती. तेव्हाच्या दराने साडेतीनशे रुपयांच्या आसपास. आण्णांनी मला फोन केला. आणि मी काय म्हणालो असेन? "आण्णा, तुम्ही शिफ्ट बदलायला विसरलात. अ‍ॅप बरोबर आहे."

आण्णा शांतपणे म्हणाले, "अरे बाळा, रांगेत वीस माणसं उभी, हाताला दूध लागलेलं, चष्मा कपाळावर. ते दोन ठिपके मला दिसतच नाहीत. तुला दिसतात कारण तूच काढलेत."

त्या दिवशी मला यूआय म्हणजे काय ते कळलं. सतराही जणांच्या पावत्या गोळा करून पुढच्या पगारात फरक दिला. पण ज्याने पावती फेकली असती त्याचं काय? चूक आण्णांची नव्हती, माझ्या स्क्रीनची होती. आणि दुरुस्तीला मला किती वेळ लागला? एक दुपार. वर मोठा पट्टा, त्यावर ठळक अक्षरांत "संध्याकाळचं दूध" आणि तारीख. सकाळी पट्टा पिवळा, संध्याकाळी गडद निळा. वेळ घड्याळावरून अ‍ॅपनेच ठरवायची. आणि आधीची नोंद असेल तर न विचारता काहीही पुसायचं नाही.

हे सगळं आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं होतं, तेही फुकट वाचायला. मी वाचलं नव्हतं, एवढंच.

यूआय म्हणजे काय आणि यूएक्स म्हणजे काय

यूआय म्हणजे यूजर इंटरफेस. माणूस आणि मशीन जिथे एकमेकांना भेटतात ती जागा. बटणं, अक्षरं, रंग, मेसेज, सगळं त्यात आलं. यूएक्स म्हणजे यूजर एक्सपीरियन्स, म्हणजे त्या माणसाचा एकूण अनुभव. आण्णांच्या केंद्रावरचं "एम-ई" बटण हा यूआय. काकूंना कमी पगार मिळणं, त्यांनी पावती शोधणं, मला आलेला फोन, हा सगळा यूएक्स.

या विषयातलं एक मोठं नाव म्हणजे डॉन नॉर्मन. त्यांचं "द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज" हे पुस्तक १९८८ मध्ये वेगळ्या नावाने आलं आणि २०१३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यांचा मुद्दा साधा आहे. दार ढकलायचं की ओढायचं हे कळत नसेल, तर वेंधळा माणूस नाही, दार चुकीचं बनवलंय. आपल्याकडे बँकेच्या काचेच्या दाराला "ढकला" असं लिहिलेलं असतं आणि तरी त्याला ओढायची मूठ बसवलेली असते. आपण ओढतो आणि वर आपल्यालाच लाज वाटते. ती लाज सोडा. शिकायची पहिली पायरी तीच.

फोनवर शिकता येईल अशा साइट

आता यादी. पण यादी मोठी करत नाही. शंभर लिंक सेव्ह करून एकही न उघडणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे. मी थोड्याच सांगतो, आणि प्रत्येकीतून काय घ्यायचं तेही सांगतो.

पहिली, नील्सन नॉर्मन ग्रुप. जेकब नील्सन आणि डॉन नॉर्मन यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली कंपनी. त्यांची ट्रेनिंग महाग असतात, तिकडे बघू नका. त्यांच्या साइटवरचे लेख मात्र फुकट आहेत आणि यूट्यूब चॅनलवर दोन-चार मिनिटांचे व्हिडिओ आहेत. तिथे सगळ्यात आधी नील्सन यांची दहा तत्त्वं वाचा. १९९४ पासून ती जवळपास तशीच आहेत. त्यातली तीन माझ्या दूधवाल्या अ‍ॅपला लावून बघा.

एक, सध्या काय चाललंय ते वापरणाऱ्याला सतत दिसलं पाहिजे. माझ्या अ‍ॅपमध्ये सकाळ आहे की संध्याकाळ ते दिसत नव्हतं. दोन, चूक झाल्यावर ओरडण्यापेक्षा चूक होऊच देऊ नका. घड्याळ बघून वेळ ठरवणं म्हणजे तेच. तीन, माणसाला लक्षात ठेवायला लावू नका, समोर बघून ओळखू द्या. "एम म्हणजे सकाळ" हे आण्णांनी का लक्षात ठेवायचं? दहातली तीन तत्त्वं मोडली आणि सतरा घरांचा हिशोब चुकला.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर ब्राउझरमधलं भाषांतर चालू करा. भाषांतर ओबडधोबड असतं, पण मुद्दा कळतो. आणि महिनाभरात तेच तेच शब्द इतक्या वेळा येतात की मूळ इंग्रजी वाचता यायला लागतं.

दुसरी, लॉज ऑफ यूएक्स. जॉन याब्लॉन्स्की या डिझायनरने केलेली साइट. एका पानावर एक नियम, सोबत चित्र, फोनवर छान दिसते. तिथला फिट्सचा नियम १९५४ चा आहे. बटण जितकं लांब आणि जितकं लहान, तितका ते दाबायला वेळ जास्त. हिकचा नियम १९५२ चा. पर्याय जितके जास्त, तितका निर्णयाला वेळ जास्त. म्हणजे अँड्रॉइड जन्माला यायच्या अर्धशतक आधी लोकांनी हे मोजून ठेवलंय! आणि जेकबचा नियम सांगतो की लोक आपला बहुतेक वेळ दुसऱ्या अ‍ॅपवर घालवतात, त्यामुळे तुमचं अ‍ॅपही तसंच चालेल अशी त्यांची अपेक्षा असते. आपल्या गावात ते दुसरं अ‍ॅप म्हणजे कोणतं ते सांगायला नको. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं बटण उजवीकडे खाली आहे. तुम्ही ते डावीकडे वर नेलंत तर आजीचा अंगठा उजवीकडेच जाणार.

तिसरी, मटेरियल डिझाइन. गुगलने २०१४ मध्ये अँड्रॉइडसाठी आणलेली नियमावली. आता तिची तिसरी आवृत्ती चालू आहे. तुमच्या हातातल्या फोनवरची कित्येक अ‍ॅप याच नियमांवर बनलेली आहेत. यातून मोजमाप शिका. उदाहरणार्थ, बोटाने दाबायची जागा किमान ४८ डीपी हवी, म्हणजे पडद्यावर साधारण ९ मिलिमीटर. अ‍ॅपलच्या नियमावलीत हाच आकडा ४४ पॉइंट आहे. माझे ते दोन गोल ठिपके? जेमतेम निम्मे. शेतात काम केलेल्या बोटांचा विचार केला तर ४८ लासुद्धा मी किमानच म्हणेन, पुरेसं नाही.

आपल्या मातीतलं काय आहे?

आता हा भाग नीट ऐका, कारण परदेशी यादींमध्ये हे तुम्हाला सापडणार नाही.

मुंबईत पवईला आयआयटी बॉम्बेमध्ये आयडीसी म्हणून डिझाइनची शाळा आहे. १९६९ पासून. तिथल्या मंडळींनी डी-सोर्स नावाची साइट उभी केली आहे, केंद्र सरकारच्या शिक्षण योजनेतून. डिझाइनचे धडे, प्रकल्प, कारागिरांच्या कामाची फोटोंसह माहिती, सगळं फुकट. इंटरॅक्शन डिझाइनचं सदर तर बघाच, पण लिपी आणि अक्षरांवरचंही बघा. उदाहरणं भारतातली असल्यामुळे ती डोक्यात पटकन बसतात.

आयडीसीतलंच एक काम यूआयचा उत्तम धडा आहे. स्वरचक्र कीबोर्ड. प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. इंग्रजी कीबोर्डवर मराठी अक्षरं कोंबण्याऐवजी त्यांनी विचार केला की मराठी माणसाला अक्षरांचा कोणता क्रम पाठ आहे? क, ख, ग, घ. पहिलीतच शिकलेला. मग कीबोर्डवर अक्षरं त्याच क्रमाने मांडली. "क" वर बोट ठेवलं की भोवती चक्र उघडतं, त्यात का, कि, की, कु. बोट तिकडे सरकवायचं, झालं. माणसाच्या डोक्यात आधीच असलेलं ज्ञान वापरायचं, नवीन ओझं टाकायचं नाही. हे एकच उदाहरण नीट समजलं तर अर्धा कोर्स झाला म्हणा.

मग फॉन्ट. विंडोजवर मराठी टाइप केलं की वर्षानुवर्षं दिसणारा मंगल फॉन्ट र. कृ. जोशी यांनी बनवला, तेही आयडीसीत शिकवायचे. आज गुगल फॉन्ट्सवर मराठीसाठी भरपूर फुकट फॉन्ट आहेत. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचे मुक्ता आणि बलू, शिवाय नोटो सान्स देवनागरी. अ‍ॅपमधल्या मजकुरासाठी मुक्ता घेऊन बघा, छोट्या आकारातही स्वच्छ वाचता येतो.

मराठी स्क्रीन बनवताना तीन गोष्टी इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये कुणी सांगत नाही. एक, देवनागरीला वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. इंग्रजीच्या मापाने ओळींमधलं अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर आदळतो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर ठेवा. दोन, "सेव्ह" चार अक्षरांत मावतं, "नोंद जतन करा" मावत नाही. म्हणून बटण मराठी मजकूर घालूनच मोजा. तीन, वेब पेज बनवताना भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगा. कारण आपला "ल" आणि "श" हिंदीतल्यापेक्षा वेगळ्या वळणाचा असतो, आणि चांगले फॉन्ट भाषा कळली की मराठी वळण दाखवतात.

आणि शब्द! "सबमिट" चं "प्रस्तुत करा" करू नका. केंद्रावर कुणी दूध प्रस्तुत करत नाही. लोक जे बोलतात ते लिहा. शब्द सापडत नसेल तर डिक्शनरी नको, रांगेत जाऊन उभे राहा.

वर्गात बसल्यासारखं शिकायचं असेल तर

काहींना लेख वाचून जमत नाही, समोर सर लागतात. त्यांच्यासाठी एनपीटीईएल. आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर, यूट्यूबवर फुकट. आयआयटी गुवाहाटीच्या समित भट्टाचार्य यांचा ह्यूमन कॉम्प्युटर इंटरॅक्शनवरचा कोर्स आहे. थोडा जड आहे, इंजिनिअरिंगवाल्यांना जास्त आवडेल. फी फक्त परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तरच.

दुसरा पर्याय कोर्सेरावरचा गुगलचा यूएक्स डिझाइन सर्टिफिकेट कोर्स, २०२१ पासून चालू आहे. अगदी नवख्यांसाठी आहे, आणि शेवटी तुमच्याकडे दाखवायला स्वतःचे प्रकल्प तयार होतात. याला महिन्याची फी आहे, पण आर्थिक साहाय्यासाठी अर्ज करता येतो. का शिकायचंय आणि घरची परिस्थिती काय, हे प्रामाणिकपणे लिहायचं. अर्ज लिहायला एक तास लागेल. साठ हजारांपुढे तो एक तास काहीच नाही.

लॅपटॉप नाही, मग?

हा प्रश्न येणारच. खरं सांगायचं तर पहिला महिना लॅपटॉप लागत नाही. वही आणि पेन लागतं. स्क्रीनचा आराखडा कागदावर काढायचा, चौकोन, रेघा, बटणं. मोठमोठ्या कंपन्यांतले डिझायनरही कागदावर सुरुवात करतात.

पुढे फिग्मा लागेल. हे डिझाइनचं आजचं सगळ्यात चालणारं साधन, ब्राउझरमध्ये चालतं, सुरुवातीचा प्लॅन फुकट आहे, आणि विद्यार्थ्यांना कॉलेजचा पुरावा दिला की जास्तीच्या सोयीही मिळतात. त्यांच्याच साइटवर आणि यूट्यूबवर शिकवणारे व्हिडिओ आहेत. फोनवरचं फिग्मा अ‍ॅप मुख्यतः बघण्यासाठी आहे, तिथे पूर्ण डिझाइन करायला जाऊ नका, डोळे आणि डोकं दोन्ही दुखेल. पेनपॉट हे दुसरं साधन, ओपन सोर्स, तेही ब्राउझरमध्येच चालतं.

कॉम्प्युटर कुठे? बारामतीत विद्या प्रतिष्ठान असो, टी. सी. कॉलेज असो, किंवा इंदापूरचं तुमचं कॉलेज, लॅब असतेच. लॅबच्या सरांना विचारा, आठवड्यातून दोन तास बसू द्याल का? बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. फाइल फिग्माच्या खात्यात ऑनलाइन राहते, त्यामुळे कुठल्याही मशीनवर बसलात तरी काम पुढे चालू.

उन्हात दिसतं का?

आता एक गोष्ट जी आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. डिझायनर एसीत बसून फिकट राखाडी अक्षरं निवडतो. वापरणारा मात्र एप्रिलच्या उन्हात, निमगाव केतकीच्या डाळिंबाच्या बागेत उभा. त्याला काय दिसणार?

यासाठी जागतिक नियम आहे, डब्ल्यूसीएजी नावाचा. साध्या आकाराच्या अक्षराचा आणि मागच्या रंगाचा फरक किमान ४.५ ला १ हवा. तो मोजायला वेबएम नावाच्या संस्थेचं फुकट साधन आहे. दोन रंग टाका, ते पास की नापास सांगतं. मी माझ्या जुन्या अ‍ॅपचे रंग टाकले. नापास. दुसरी गोष्ट, फक्त रंगावर अर्थ सोडू नका. लाल आणि हिरवा वेगळा न दिसणारी माणसं आपल्या आजूबाजूलाही असतात. रंगासोबत शब्द लिहा.

हे आज का सांगतोय? बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठासोबत उसासाठी एआय वापरायचा प्रयोग केला. २०२५ च्या सुरुवातीला सत्या नाडेलांनी त्याचं नाव घेतल्यावर सगळ्यांच्या स्टेटसला बारामती होती, आठवतंय? उपग्रहाची छायाचित्रं, हवामान केंद्र, जमिनीतले सेन्सर, आणि त्यावरून शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला. आता विचार करा. उपग्रह, सेन्सर, एआय एवढं सगळं झाल्यावर शेवटी उरतो तो हातातला पाच-सहा इंचांचा पडदा. कुठल्या भागात आज पाणी द्यायचं, हे त्या पडद्यावर चटकन कळलं तर बाकी सगळ्याचा उपयोग. शेतीची, दुधाची, कारखान्याची अशी अ‍ॅप पुढच्या काळात वाढतच जाणार. ती वापरणारा माणूस तुम्हाला आतून माहीत आहे. त्याचा चष्मा, त्याची बोटं, त्याचे शब्द. ही माहिती कुठल्याच कोर्समध्ये मिळत नाही, आणि मोठ्या शहरातल्या डिझायनरला ती मिळवायला प्रवास करावा लागतो. तुम्ही तिथेच राहता.

फसवणारं डिझाइनही ओळखा

यूआय शिकताना उलटी बाजूही शिका. "फक्त २ शिल्लक" अशी खोटी घाई, न विचारता कार्टमध्ये टाकलेला विमा, रद्द करायचं बटण सापडू नये असं लपवणं. याला डार्क पॅटर्न म्हणतात. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये हा शब्द रूढ केला, त्यांची डिसेप्टिव्ह डॉट डिझाइन ही साइट उदाहरणांनी भरलेली आहे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तेरा प्रकार दिलेत. ते तेरा प्रकार वाचा आणि आठवडाभर तुमच्या फोनमधल्या अ‍ॅपमध्ये शोधा. मजा येईल आणि रागही येईल. उद्या बॉसने तसं स्क्रीन बनवायला सांगितलं तर "सर, हे नियमात बसत नाही" एवढं तरी म्हणता येईल.

सहा आठवड्यांचा बेत

रोज पाऊण तास धरलाय. जास्त नको, टिकत नाही.

पहिला आठवडा: नील्सन यांची दहा तत्त्वं. रोज दोन. प्रत्येकासाठी तुमच्या फोनमधलं एक चांगलं आणि एक वाईट उदाहरण, स्क्रीनशॉटसह.

दुसरा आठवडा: लॉज ऑफ यूएक्समधले सात नियम, आणि मटेरियलमधली बटणं आणि फॉर्मची पानं.

तिसरा आठवडा: डी-सोर्स, आणि स्वरचक्र स्वतः फोनवर वापरून बघा. घरातल्या मोठ्या माणसालाही वापरायला द्या.

चौथा आठवडा: एक खरी अडचण निवडा. दुधाचा हिशोब, उसाची तोड, बचत गटाची वही, एसटीचं वेळापत्रक. कागदावर चार-पाच स्क्रीन काढा.

पाचवा आठवडा: लॅबमध्ये बसून फिग्मात तेच मराठी फॉन्टसह काढा. रंगांचा फरक तपासा.

सहावा आठवडा: पाच माणसांना दाखवा. पाचच का? नील्सन यांनी २००० मध्ये लिहिलंय की पाच जणांकडून तपासलं तरी बहुतेक मोठ्या अडचणी सापडतात. पण पाचही जण मित्र नकोत. एक आजी, एक दुकानदार, एक शेतकरी, एक शाळेतली पोरगी आणि एक असा माणूस ज्याला फोनचा कंटाळा आहे. त्यांना काम सांगा, "आजच्या संध्याकाळचं दूध नोंदवा." आणि मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. "तिथे नाही, इथे दाबा" असं तोंडातून निघालं की परीक्षा संपली. "मनात जे येतंय ते मोठ्याने बोला" एवढंच सांगायचं आणि बोट कुठे अडखळतं ते वहीत लिहायचं.

सहा आठवड्यांनी तुमच्याकडे सर्टिफिकेट नसेल, पण एक गोष्ट असेल: ही अडचण होती, मी असं केलं, पाच जणांनी इथे चूक केली, मग मी असं बदललं. इंटरव्ह्यूला मी समोरच्या बाजूला बसतो तेव्हा मला हेच ऐकायचं असतं. चकचकीत स्क्रीन सगळेच दाखवतात.

मग क्लास लावायचा की नाही?

इंदापूरच्या मैत्रिणीला माझं उत्तर असं. क्लास वाईटच असतात असं नाही. शिस्त लागते, सोबत मिळते. पण हे सहा आठवडे आधी कर. त्यात कळेल की तुला हे काम आवडतंय का. आवडलं नाही तर साठ हजार वाचले. आवडलं, तर क्लासमध्ये जाऊन चार प्रश्न विचार: शिकवणाऱ्याने स्वतः कुठली अ‍ॅप केलीत? मागच्या बॅचच्या मुलांचं काम बघायला मिळेल का? फी हप्त्याने भरता येते का? आणि ती नोकरीची गॅरंटी कागदावर लिहून देता का? चौथ्या प्रश्नावर चेहरा बदलला तर पाणी पिऊन बाहेर ये. आणि तिथे सही करायला सांगतात तो कागद घरी आणून वाच, काही ठिकाणी फी म्हणजे तुझ्या नावावरचं कर्ज असतं.

बरं, आण्णा अजून तेच अ‍ॅप वापरतात. मागच्या दिवाळीत गेलो होतो तर म्हणाले, "ते वरचं निळं-पिवळं झाल्यापासून चष्मा शोधावा लागत नाही." आणि काकू? पावत्या अजून देवघरातल्या डब्यातच ठेवतात. मी म्हटलं, आता चूक होणार नाही काकू. म्हणाल्या, "असू दे रे, डबा काय तुझा खातोय!" बरोबरच आहे त्यांचं.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ एकच. घरातल्या मोठ्या माणसाला फोनवर एखादं काम करताना पाच मिनिटं बघा. मदत करायची नाही, फक्त बघायचं. बोट जिथे थांबलं त्या जागेचा स्क्रीनशॉट मला पाठवा. निवडक स्क्रीनशॉट घेऊन पुढच्या भागात आपण ते दुरुस्त करू.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि फोन चार्जिंगला लावून ऐका!